तुमचा प्रोसेसर कोणता?

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स या आपल्या नव्या कर्नलची ०.०१ ही आवृत्ती लोकांसाठी खुली केली. जेमतेम दहा हजार ओळींचा कोड होता तो. त्यात ‘कॉन्फिग’ नावाची एक छोटी हेडर फाइल होती आणि तिच्यात निवड होती अवघ्या दोन यंत्रांमधली. एक खुद्द लिनसचे, दुसरे त्याचा मित्र लार्स विर्झेनियस याचे. पहिल्यात ८ एमबी मेमरी, दुसऱ्यात ४ एमबी. दोघांच्या हार्ड डिस्कची मापेही त्याच फाइलमध्ये आकड्यांनी लिहून ठेवलेली. तिसऱ्या कुणाला हा कर्नल आपल्या पीसीवर चालवायचा असेल, तर त्याने ती फाइल उघडायची, आपल्या यंत्राचे आकडे घालायचे आणि सगळा कर्नल पुन्हा कम्पाइल करायचा.

प्रोसेसर कोणता, हा प्रश्न मात्र त्या फाइलमध्ये नव्हता. त्या वर्षी जानेवारीत लिनसने ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला होता, आणि ३८६ कसा चालतो हे समजून घेण्याच्या ओढीतूनच हा कर्नल जन्माला आला होता. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्यासाठी ३८६ मध्ये जी खास सोय होती तीच त्याने वापरली होती. त्यामुळे हा कर्नल दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेता येण्याजोगा नाही, हे त्याने ऑगस्टमधल्या पहिल्या घोषणेतच स्पष्ट सांगून टाकले होते.

पुढच्या तीन दशकांत हाच कर्नल फोन, राउटर, बँकांचे सर्व्हर आणि महासंगणक यांच्या बुडाशी जाऊन बसला. वाटेत इंटेलच्या आणि तिच्या स्पर्धकांच्या प्रोसेसरांच्या कितीतरी पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीने नव्या सोयी आणल्या, आणि नवे दोषही. त्या प्रत्येक वेळी कर्नल बांधणाऱ्यांपुढे एकच पेच उभा राहिला: हा कर्नल ज्या प्रोसेसरवर चालणार आहे त्याच्यात काय आहे आणि काय नाही, हे कोणी सांगायचे? कम्पाइल करणाऱ्या माणसाने, की चालू होताना खुद्द यंत्राने? लिनक्सच्या कॉन्फिगरेशनचा इतिहास म्हणजे या पेचाची वेगवेगळ्या काळात मिळालेली उत्तरे.

व्हॅक्सच्या काळातली वहिवाट

हा पेच लिनक्सने निर्माण केलेला नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८३ साली ४.२ बीएसडी युनिक्स बाहेर पडले, तेव्हा त्यात ‘कॉन्फिग’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. यंत्रव्यवस्थापक एका साध्या मजकूर-फाइलमध्ये यंत्र ‘व्हॅक्स’ असे लिही. त्याखाली सीपीयू ‘७८०’, ‘७५०’ की ‘७३०’ ते लिही. मग कुठल्या बसवर कुठला डिस्क कंट्रोलर जोडला आहे ते एकेका ओळीत नोंदवी. कॉन्फिग ती फाइल वाचून त्या संस्थेच्या त्या यंत्रापुरता कर्नल बांधण्याची तयारी करून देई. ‘जेनेरिक’ नावाची एक सर्वसमावेशक फाइलही सोबत असे. नवीन यंत्र तिच्यावर एकदा उभे करायचे आणि मग आपला कर्नल आपण बांधून घ्यायचा, अशी रीत होती.

तिथे एक गोष्ट गृहीत होती. कॉन्फिग फाइल लिहिणाऱ्याला आपले यंत्र पाठ असे. व्हॅक्स खोलीभर जागा घेई, लाखो रुपये किमतीचे असे आणि त्याची देखभाल करायला पगारी माणसे असत. आपल्या खोलीतला सीपीयू ७५० आहे की ७८०, हे त्यांना विचारावे लागत नसे. लिनक्स ज्यांच्या हाती पडले त्यांची गोष्ट निराळी होती. दुकानदाराने जुळवून दिलेल्या पेटीत नेमके काय आहे, हे त्यांच्यातल्या कित्येकांना पेटी उघडेपर्यंत माहीत नसे.

४८६ आणि पहिला प्रश्न

१४ मार्च १९९४ रोजी लिनक्स १.० बाहेर आले. तोवर कोड पावणेदोन लाख ओळींच्या पुढे गेला होता आणि हेडर फाइल हाताने बदलण्याचे दिवस सरले होते. रेमंड चेन यांनी लिहिलेली ‘कॉन्फिगर’ ही शेल स्क्रिप्ट एकामागून एक प्रश्न विचारी आणि वापरणारा ‘हो’ किंवा ‘नाही’चे अक्षर दाबत पुढे जाई. त्या प्रश्नांत प्रोसेसरशी थेट संबंध असलेले दोन होते. गणिती कोप्रोसेसरची नक्कल कर्नलमध्ये घालायची का, हा एक. ४८६ साठीचे खास ऑप्टिमायझेशन वापरायचे का, हा दुसरा.

या दोन प्रश्नांपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दोन वाटा इथूनच फुटतात.

३८६ मध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा भाग नसे. त्यासाठी ३८७ नावाची वेगळी चिप घ्यावी लागे आणि ती महाग असल्याने पुष्कळ जण घेत नसत. ४८६ च्या एसएक्स मॉडेलमध्येही तो भाग नव्हता. अशा यंत्रावर एखाद्या प्रोग्रॅमने गणिताची आज्ञा दिली, की प्रोसेसर अडून कर्नलकडे धाव घेई. मग कर्नल ते गणित सॉफ्टवेअरने करून देई. ऑस्ट्रेलियातले बिल मेट्झेन्थेन यांनी या कामासाठी अतिशय काटेकोर एम्युलेटर लिहिला. कर्नलसोबतच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये याबद्दल मोलाचा खुलासा होता: एम्युलेटर आत घातला, तरी यंत्रात कोप्रोसेसर असेल तर तोच वापरला जाईल. कर्नल थोडा मोठा होईल, पण दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालेल. म्हणजे वापरणाऱ्याने चुकून ‘हो’ म्हटले तरी काही बिघडत नसे. यंत्रात काय आहे ते कर्नल सुरू होतानाच तपासून घेत होता.

४८६ चा प्रश्न सुरुवातीला असाच निरुपद्रवी होता. ‘हो’ म्हटले तर कम्पायलर ४८६ ला सोयीची मांडणी करी, आणि तो कर्नल ३८६ वरही चाले, फार तर किंचित मोठा होऊन. पुढच्या काही वर्षांत मात्र ‘रीडमी’मधली ही ओळ बदलली. ३८६ पेक्षा वरचा प्रोसेसर निवडलात तर हा कर्नल ३८६ वर चालणार नाही आणि सुरू होतानाच काम सोडून देईल, असे तिथे लिहिले गेले. इथून पुढे या प्रश्नाला दिलेले उत्तर चुकण्याला किंमत आली.

असे का झाले? ४८६ ने नव्या आज्ञा आणल्या होत्या. मेमरीतली किंमत पाहून ती अपेक्षेप्रमाणे असेल तरच, एका दमात, बदलणारी एक होती. दोन किमतींची अदलाबदल करून बेरीज करणारी दुसरी. पानांच्या नोंदींपैकी एकच रद्द करणारी तिसरी. ३८६ ला या आज्ञा कळतच नव्हत्या.

यापेक्षाही खोलवर रुजलेली अडचण लेखन-संरक्षणाची होती. एका प्रोसेसने आपली प्रत काढून दुसरी प्रोसेस जन्माला घातली, की कर्नल मेमरीची पाने लगेच दुप्पट करीत नाही. दोघींना तीच पाने देतो आणि त्यांवर ‘फक्त वाचा’ अशी खूण करतो. कोणी लिहायला गेले, की प्रोसेसर अडवतो आणि मग कर्नल त्या पानाची वेगळी प्रत काढून देतो. ३८६ ची गोम अशी, की लिहिणारा खुद्द कर्नल असेल तर प्रोसेसर ही खूण जुमानतच नसे. फाइलमधला मजकूर एका प्रोसेसच्या पानावर उतरवताना कर्नलच्याच हातून दुसरीचा डेटा बिघडू शकत होता. म्हणून वापरकर्त्याच्या मेमरीत लिहिण्याआधी ३८६ वर प्रत्येक पान तपासून घ्यावे लागे. ४८६ ने ही खूण कर्नललाही लागू करण्याची सोय दिली आणि ती तपासणी अनावश्यक ठरली. अगदी सतत धावणाऱ्या वाटेवरचा हा फरक होता. जुन्यासाठी तपासणी ठेवायची तर नव्याचा वेळ वाया जातो, काढायची तर जुन्यावर डेटा बिघडतो. कर्नल सुरू होताना या खुणेची चाचणी घेई आणि निकाल पडद्यावर छापी. त्या काळात लिनक्स वापरलेल्यांना ती ओळ नक्की आठवत असेल.

दोषांची हजेरी

पेंटियम आला आणि प्रोसेसरमध्ये काय आहे याच्या जोडीला काय बिघडलेले आहे, हेही विचारण्याची वेळ आली. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. १९९४ मध्ये त्यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली आणि ती जगभर गाजली. लिनक्सने सुरू होतानाच एक नेमका भागाकार करून तो दोष शोधायला सुरुवात केली.

नोव्हेंबर १९९७ मध्ये त्याहून घातक दोष उजेडात आला. एफ-शून्य, शून्य-एफ अशा बाइटांनी सुरू होणारी एक अवैध आज्ञा पेंटियमने वाचली, की अख्खे यंत्र जागच्या जागी गोठत असे. ती आज्ञा द्यायला कसलाही विशेष अधिकार लागत नव्हता. एका सर्व्हरवर शंभर जणांची खाती असतील, तर त्यांतला कोणीही सगळ्यांचे काम बंद पाडू शकत होता. लिनक्समध्ये काही दिवसांतच उपाय आला. अपवादांची दखल घेणारी सारणी ‘फक्त वाचा’ अशा पानावर ठेवायची, म्हणजे प्रोसेसर गोठण्याआधीच वेगळा अपवाद उठतो आणि कर्नलला सावरायला संधी मिळते.

याचा माग आजही दिसतो. लिनक्समध्ये ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडली की प्रोसेसरची कुंडली समोर येते. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर तिच्यात भागाकाराचा दोष, थांबण्याच्या आज्ञेतला दोष, एफ-शून्य-शून्य-एफचा दोष अशा ओळी एकाखाली एक येत आणि प्रत्येकीपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे. त्यांच्याच रांगेत लेखन-संरक्षणाची ओळही असे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या चिपचा प्रामाणिक हिशेब ती विकत घेणाऱ्याला असा त्याच्याच पडद्यावर मिळावा, हे त्या काळी विशेष होते. प्रोसेसर कंपन्यांच्या जाहिरातींत हा मजकूर नसे.

एकाच सीडीवर चार कर्नल

जानेवारी २००१ मध्ये लिनक्स २.४ आले तेव्हा प्रोसेसर निवडीच्या यादीत ३८६ आणि ४८६ पाठोपाठ पेंटियमचे चार-पाच प्रकार, एएमडीचे के६ आणि अ‍ॅथलॉन, सायरिक्स, विनचिप, ट्रान्समेटाचा क्रूसो अशी भलीमोठी वंशावळ उभी होती. सर्वांची आज्ञावली वरवर पाहता एकच, पण तपशिलात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

स्वतः कर्नल बांधणे म्हणजे मापाचे कपडे शिवून घेणे. पण बहुतेकांना तयारच हवे होते. रेड हॅटसारखे वितरक एकाच आवृत्तीचे कर्नल ३८६, ५८६, ६८६ आणि अ‍ॅथलॉन असे वेगवेगळे बांधून देत. त्यात एकाहून अधिक प्रोसेसरांसाठी वेगळा, जास्त मेमरीसाठी आणखी वेगळा. आपल्याकडे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येई आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेल्या पीसींत ती घातली जाई. कुणाच्या पेटीत इंटेल, कुणाच्या सायरिक्स, कुणाच्या एएमडी. सीडी बनवणाऱ्याला या साऱ्यांचा विचार आधीच करून ठेवावा लागे.

चुकीची निवड किती गोंधळ घालते, याची दोन उदाहरणे त्याच काळातली. व्हियाचा सी३ हा प्रोसेसर आपली ओळख सहाव्या पिढीचा अशी देई, पण पेंटियम प्रोने आणलेली सशर्त हलवाहलवीची आज्ञा त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत नव्हती. सहावी पिढी म्हणून ६८६ चा कर्नल चढवला की यंत्र सुरूच होत नसे.

दुसरे उदाहरण अ‍ॅथलॉनचे, २००१ मधले. अ‍ॅथलॉन निवडल्यावर कर्नल मेमरीची पाने हलवायला खास वेगवान पद्धत वापरी. तीत कॅशला वळसा घालून थेट मेमरीत लिहिणाऱ्या आज्ञा होत्या. व्हियाच्या एका चिपसेटच्या मदरबोर्डांवर हे कर्नल धडाधड कोसळू लागले. तेच यंत्र, तीच मेमरी; पण यादीत के६ किंवा पेंटियम निवडून कर्नल बांधला की सुरळीत चाले. लोकांनी मेमरी बदलून पाहिली, वीजपुरवठ्यावर संशय घेतला, खुद्द अ‍ॅथलॉनला दोष दिला. शेवटी सापडले ते असे, की चिपसेटच्या एका रजिस्टरमधले काही बिट शून्य केले की कोसळणे थांबते. लिनक्समध्ये हा उपाय आला. तो लिहिणाऱ्याने सोबतच्या टिपणात मोकळेपणाने नोंदवले, की हे बिट नेमके काय करतात ते कोणालाच माहीत दिसत नाही, पण त्रास जातो हे खरे. प्रोसेसरचा वेग पुरेपूर वापरणारा कर्नल भोवतालच्या प्रत्येक चिपची कसोटी घेतो, हे तेव्हा सर्वांना लख्ख दिसले.

मोठी योजना आणि तिचा शेवट

प्रश्न वाढत गेले तशी प्रश्न विचारणारी यंत्रणा थकली. रेमंड चेन यांच्या स्क्रिप्टच्या जोडीला विल्यम रोडकॅप यांनी मेनूतून निवड करण्याची सोय आणली होती आणि एरिक यंगडेल यांनी खिडक्या-बटणांची. मायकेल एलिझाबेथ चॅस्टेन या सगळ्याची निगा राखत. पण तिन्ही सोयी त्याच नियम-फाइली आपापल्या परीने वाचत, त्यामुळे एकीत चालणारी फाइल दुसरीत अडे. शिवाय नियम वरून खाली वाचले जात. खाली दिलेल्या उत्तराचा वर विचारलेल्या प्रश्नावर परिणाम होऊ शकत नसे.

२००० साली एरिक रेमंड यांनी हे काम हाती घेतले. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यपद्धतीवरच्या १९९७ मधल्या निबंधामुळे ते जगभर परिचित होते. त्यांनी नवी नियमभाषा रचली आणि पायथनमध्ये तिचा दुभाषा लिहिला. एक उत्तर दिले की त्यातून निघणारे सर्व निष्कर्ष लावून अशक्य पर्याय बाद करणारे इंजिन त्यात होते. चुकीचे कॉन्फिगरेशन तयारच होऊ नये, ही त्यांची प्रतिज्ञा. मार्च २००१ अखेर सॅन होजेत कर्नल विकासकांची बैठक भरली. तिथे त्यांनी हे काम मांडले आणि २.५ मालिकेच्या आरंभीच ते कर्नलमध्ये जाईल, अशी चिन्हे होती.

तसे झाले नाही. कर्नल बांधायला पायथन बसवणे सक्तीचे होणार, हे अनेकांना रुचले नाही. भाषा बदलताना नियमही बदलले जात आहेत, ही तक्रार होती. जानेवारी २००२ मध्ये रेमंड यांनी यंत्राची तपासणी करून आपोआप उत्तरे भरणाऱ्या साधनाचा पुरस्कार केला. कल्पनेतल्या टिली मावशीलाही स्वतःचा कर्नल बांधता यायला हवा, असे ते म्हणत. टिली मावशीने कर्नल का बांधावा, तिने वितरकाचा घ्यावा, असे उत्तर अनुभवी विकासकांकडून आले. टोरवाल्ड्स यांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता. एका ड्रायव्हरशी संबंधित सर्व गोष्टी त्याच्याच फोल्डरमध्ये असाव्यात आणि एका मोठ्या केंद्रीय फाइलीत सगळ्यांनी हात घालू नये, हा त्यांचा आग्रह. अ‍ॅक्सेल बोल्ट यांनी सुरू केलेल्या मदत-मजकुराच्या प्रचंड फाइलीचेही त्यांनी तेव्हाच तुकडे करून ते जागोजागी वाटून टाकले. २००२ च्या वसंतापर्यंत रेमंड यांनी हात मागे घेतला.

दोन वर्षांचे ते काम वाया गेले, असे मला वाटत नाही. सगळ्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ यंत्रानेच तपासायला हवा, ही गरज त्यांनी सर्वांच्या गळी उतरवली. त्यांचे गणित बरोबर होते. चुकला तो अंदाज. हजारो फाइली सांभाळणाऱ्या शेकडो माणसांची रोजची सवय एका फटक्यात बदलता येईल, असे त्यांना वाटले.

रोमन झिपेलची भाषा

मग रोमन झिपेल पुढे आले. त्यांनी नवी भाषा आणली, पण तिचे साधन सीमध्ये लिहिले, म्हणजे कर्नल बांधणाऱ्याकडे असलेला कम्पायलर पुरे. नियम समजून घेणारा भाग एकच, आणि ओळीने प्रश्न विचारणारी, मेनूची आणि खिडकीची अशा तिन्ही सोयी त्याच्यावरच बसवलेल्या. जुन्या फाइलींचे नव्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅमही त्यांनी दिला, त्यामुळे कोणाला हाताने लिहीत बसावे लागले नाही. प्रश्न, त्याच्या अटी, त्याचे मूळ उत्तर आणि मदतीचा मजकूर एका जागी आले. ऑक्टोबर २००२ च्या अखेरीस २.५.४५ या आवृत्तीत हे सगळे दाखल झाले. हेच आजचे केकॉन्फिग.

प्रोसेसरच्या दृष्टीने त्याने काय साधले, हे एका नोंदीवरून कळेल. तुलना करून बदलणाऱ्या त्या ४८६ च्या आज्ञेसाठी केकॉन्फिगमध्ये एक नोंद होती. तिचा अर्थ इतकाच: निवडलेला प्रोसेसर ३८६ नसेल, तर ही सोय आहे असे धर. ही नोंद वापरणाऱ्याला दिसत नसे. तो फक्त प्रोसेसर निवडी. त्या निवडीतून कुठल्या आज्ञा चालतील, कॅशच्या ओळीची लांबी किती, वेळ मोजणारा काउंटर आहे की नाही, पेंटियमच्या दोषावरचा उपाय कोडमध्ये घालायचा की नाही, हे सर्व अशा न दिसणाऱ्या नोंदी ठरवत. मॉडेलचे नाव एका बाजूला, त्याचे गुण दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये वाचता येतील असे नियम. नवा प्रोसेसर आला की संबंधित नोंदींत त्याचे नाव जोडायचे; बाकीच्या कर्नलने फक्त गुणाचे नाव विचारायचे. पुढे बिझीबॉक्स, यू-बूट, झेफर अशा कितीतरी प्रकल्पांनी हीच भाषा उचलली.

चालत्या कोडमध्ये बदल

केकॉन्फिगने प्रश्नांना शिस्त लावली. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने प्रश्नच कमी करण्याचे काम सुरू झाले. अँडी क्लीन यांनी आणलेल्या पद्धतीत एकाच जागेसाठी दोन प्रकारचा कोड लिहिता येऊ लागला: सर्वांना चालणारा आणि विशिष्ट सोय असेल तरचा. कर्नलच्या पोटात एक तक्ता असतो. कुठल्या पत्त्यावर, कुठली सोय असल्यास, कुठल्या आज्ञा बसवायच्या, हे त्यात लिहिलेले असते. यंत्र सुरू होताना कर्नल प्रोसेसरला त्याचे गुण विचारतो आणि तक्त्यानुसार स्वतःच्याच आज्ञा बदलून घेतो. त्यानंतर दर वेळी तपासणी करण्याचा खर्च उरत नाही.

२००६ मध्ये गेर्ड हॉफमन यांनी हाच विचार एकाहून अधिक प्रोसेसरांच्या यंत्रांना लावला. दोन प्रोसेसर एकाच जागी लिहू नयेत म्हणून काही आज्ञांपुढे ‘लॉक’चा एक बाइट असतो. प्रोसेसर एकच असेल तर तो बाइट निव्वळ वेळ खातो. हॉफमन यांच्या कोडने अशा सर्व जागांची यादी ठेवली आणि एकटा प्रोसेसर दिसला की तो बाइट निष्क्रिय आज्ञेने बदलून टाकला. एक बाइट ही बाब लहान, पण तिने वितरकांना दोन वेगळे कर्नल बांधून ठेवण्याच्या कामातून सोडवले.

यंत्राला विचारण्याची ही वाट जिंकली असे वाटत असतानाच तिची मर्यादाही दिसली. चार जीबीपलीकडच्या मेमरीसाठी पेंटियम प्रोपासून आलेली ‘पीएई’ ही सोय सुरुवातीच्या काही पेंटियम एम प्रोसेसरांत प्रत्यक्षात होती, पण विचारल्यावर ते ती सांगत नसत. वितरकांनी पीएई गृहीत धरून कर्नल बांधायला घेतले, तेव्हा हे लॅपटॉप विनाकारण बाद झाले. २०१४ मध्ये कर्नलला एक पर्याय मिळाला: सुरू करताना माणसाने ठामपणे सांगायचे, की या प्रोसेसरात पीएई आहे. यंत्र पुरते बोलत नाही तिथे माणसाची साक्ष पुन्हा घ्यावी लागली.

निरोप आणि नव्या जबाबदाऱ्या

डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोलनार यांनी ३८६ चा आधार काढून टाकणारे बदल टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवले. प्रत्यक्ष काम एच. पीटर अ‍ॅन्विन यांनी केले होते. लेखन-संरक्षणाची ती जुनी तपासणी, ३८६ साठी जपलेले पर्यायी मार्ग, हे सर्व त्यात गेले. १९९१ मधला ३३ मेगाहर्ट्झचा तो पहिला पीसी आता नवा कर्नल चालवू शकणार नाही, याची आठवण मोलनार यांनी करून दिली. टोरवाल्ड्स यांनी हळवेपणा न दाखवता बदल स्वीकारले. फेब्रुवारी २०१३ मधल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ चे दार बंद झाले. ज्या यंत्रासाठी कर्नल लिहिला गेला तेच त्याच्या कक्षेबाहेर गेले, आणि ते योग्यच होते. फारशा कोणाच्या रोजच्या वापरात नसलेल्या प्रोसेसरसाठी प्रत्येक बदल तपासण्याचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर होता.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले आणि जुना पेच पुन्हा, फार मोठ्या प्रमाणावर, उभा राहिला. मेल्टडाउनवरचा उपाय म्हणजे कर्नल आणि वापरकर्ता यांच्या पानांच्या सारण्या वेगळ्या करणे. तो बांधतानाच्या पर्यायांतही आला आणि सुरू करतानाच्या पर्यायांतही. एएमडीच्या प्रोसेसरांना तो लागू करायचा नाही, हे यंत्राची ओळख पाहून ठरू लागले. या उपायाची किंमतही प्रोसेसरच्या गुणांवर अवलंबून होती. पानांच्या नोंदींना प्रोसेसनिहाय क्रमांक देण्याची सोय असेल तर वेग फारसा घटत नाही, नसेल तर चांगलाच फटका बसतो. ‘सीपीयूइन्फो’मध्ये आता ‘बग्ज’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यात मेल्टडाउन, स्पेक्टर आणि त्यांची भावंडे ओळीने हजर असतात. पेंटियमच्या काळात सुरू झालेला हिशेब बंद करण्याची वेळ अजून आलेली नाही.

२०२५ च्या वसंतात मोलनार यांनी पुढचा प्रस्ताव मांडला: वेळ मोजणारा काउंटर आणि आठ बाइटांची तुलना-बदल आज्ञा यांपैकी एक जरी नसेल तरी तो प्रोसेसर सोडून द्यावा. म्हणजे ४८६ आणि ५८६ पिढीतले सुरुवातीचे काही. त्याबरोबर मेट्झेन्थेन यांच्या गणिती एम्युलेटरसह हजारो ओळी जाणार होत्या.

आज बहुतेक लोक कर्नल बांधत नाहीत. प्रोसेसरच्या गुणांबद्दलचे बरेचसे प्रश्न यंत्र स्वतःच सोडवते, आणि तसेच व्हायला हवे. जे प्रोसेसरला विचारून कळते ते माणसाच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. ४८६ असो की पेंटियम एम, त्यात कोणती आज्ञा चालते हे प्रोसेसर सांगू शकतो, निदान सांगायचा प्रयत्न करतो. पण कोणते जुने यंत्र किती वर्षे सांभाळायचे, सुरक्षिततेसाठी किती वेग सोडायचा, कोणाच्या सोयीसाठी कोणी कष्ट उपसायचे, यांची उत्तरे कुठल्याही चिपमध्ये नाहीत. लिनक्समध्ये ती उघड चर्चेत, बदल करणाऱ्याच्या आणि स्वीकारणाऱ्याच्या नावानिशी नोंदवली जातात. ३८६ का गेला, कधी गेला आणि कोणी घालवला, हे कोणालाही आज वाचता येते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ४८६ बद्दलचा निर्णयही त्याच रीतीने व्हावा.